तुझं गाव किती लांब?

देवरे सर गेल्याचं मला सुरतेतल्या आमच्या मराठी शाळेत कळलं. चौथीच्या वर्गावर होतो. सरांच्या शेजारचे मगनभाई सायकल हातात धरून खिडकीशी आले आणि म्हणाले, "मास्तर, तमारा साहेब गया." पोरं वर्गात गुजराती ऐकून हसली. मी हातातला खडू खाली ठेवला. त्याला आता पाच आठवडे झाले. कॉलेजच्या शोकसभेत मी बोललो. सरांनी मला कसं शिकवलं, कशी पुस्तकं दिली... सगळं खरं होतं. एक गोष्ट तेवढी मी सांगितली नाही.

सर आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवायचे. साड्यांच्या आणि हिऱ्यांच्या या शहरात तो विषय घेणारे आम्ही अकरा जण. सर तापीकाठच्या एका खेड्यातले, जन्मभर सुरतेत नोकरी करूनही त्यांचं गुजराती खानदेशीच राहिलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, "सर, तमारुं गुजराती पण बॉर्डर पर छे!" सर सगळ्यांत आधी हसायचे. त्यांचा जीव अडकला होता तो घरदार सोडून पळालेल्या माणसांत. कुठल्या देशाने कुणाला आत घेतलं, कुणाला सीमेवरच थोपवलं, हे शिकवताना त्यांचा आवाज बदलायचा. त्यावर मराठीत पुस्तक लिहीत होते. आमच्यासारख्या पोरांना कळेल असं.

माझे वडील सुरतेजवळ कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर होते. बारावीनंतर मलाही तिथेच लावायचं ठरलं होतं. प्रवेशाच्या रांगेत माझी बोली ऐकून सरांनी गावाची चौकशी केली होती. मी नंतर कॉलेजात दिसलो नाही, तेव्हा ते थेट लूमवर आले. मशिनांच्या खडखडाटात वडील ओरडून म्हणाले, "साहेब, राजकारण शिकीसनी हाऊ काय आमदार व्हनार शे का?" सरही तितक्याच जोरात ओरडले, "नाही! पण आमदाराला प्रश्न विचारेल!" वडिलांना हसू आलं आणि मी पदवीधर झालो. आमच्या घराण्यातला पहिला.

मी शेवटच्या वर्षाला असताना, चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात, प्लेग आला. तोंडाला रुमाल बांधून अख्खं शहर स्टेशनकडे धावत होतं. आईवडील दोन दिवस आधीच गावी निघून गेले. जाताना वडील म्हणाले, "कोनी इचारं तर महिनाभर नंदुरबारले व्हतू, तठून वनू म्हन. सुरतनं नाव काढू नको." सर निघायला तयार नव्हते, पण त्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, हट्ट धरला. त्या नाशिकच्या, आमच्याकडची गावं त्यांना फारशी ठाऊक नव्हती, त्यात गुडघ्यांनी अधू. मी सोबतीला निघालो. आमची गावं एकाच भागातली. दोंडाईच्याला रेल्वेतून उतरलो, एसटीने फाट्यावर आलो, तिथून सरांच्या गावापर्यंत काकूंना धरून चालत गेलो.

गावाबाहेर बैलगाडी आडवी लावली होती. दहाबारा माणसं काठ्या घेऊन उभी, त्यांत सरांचा धाकटा भाऊ. एकाने विचारलं, "कोठून वनात?" सर म्हणाले, "सुरतेहून." मी मनात म्हणालो, सर, खोटं बोला... पण त्यांना ते जमलं नसतं. भाऊ पुढे आला नाही. तिथूनच म्हणाला, "दादा, तू समजदार शे. घरमा धाकला पोरे शेतस. गाव मनं ऐकत नही." सर म्हणाले, "अरे, हिला पाणी तरी..." तांब्या रस्त्याच्या मधोमध ठेवून एक पोरगा मागे पळाला.

काकू पाणी प्यायल्या. मग सर माझ्याकडे वळले आणि सहज विचारावं तसं म्हणाले, "काय रे सुधाकर, तुझं गाव इथून किती लांब?"

वर्गात त्यांनीच शिकवलं होतं की चांगला राजदूत थेट काही मागत नाही. नकार आला तरी दोघांना पुन्हा एकमेकांकडे बघता यावं, असा प्रश्न तो विचारतो. मला प्रश्न कळला होता. माझं गाव चार किलोमीटरवर होतं. पण देवरे मास्तर सुरतेचे, हे पंचक्रोशीला ठाऊक. ते आमच्या दारात आले असते, तर नंदुरबारचं खोटं उघडं पडून माझे आईवडीलही बाहेर निघाले असते. मी म्हणालो, "लांब आहे सर."

"बरं," सर म्हणाले. "मग तू नीघ. घरी वाट बघत असतील." ते दोघं फाट्याकडे परत चालू लागले. सुरतेकडे जाणारी गाडी त्या दिवसांत रिकामी असायची. त्यांना बसायला जागा नक्की मिळाली असेल... मी ऊन उतरायच्या आत घरी पोचलो. आईने विचारलं, सर कुठे? म्हणालो, त्यांच्या गावी. आणि जेवलो.

कॉलेज पुन्हा सुरू झालं तेव्हा सर तसेच हसले, माझ्या पाठीवर हात ठेवला. पण निर्वासितांचं प्रकरण आलं तेव्हा पुस्तक मिटून म्हणाले, "हे तुम्ही घरी वाचा." आम्हांलाच नाही, नंतरच्या कुठल्याही वर्गाला त्यांनी ते शिकवलं नाही. त्यांचं स्वतःचं पुस्तकही तिथेच थांबलं. लोक म्हणतात, भावामुळे. मी चार वर्षं ते ऐकून घेतलं.

मागच्या रविवारी काकूंकडे गेलो. सरांची खुर्ची खिडकी सोडून दाराकडे तोंड करून ठेवलेली दिसली. प्लेगच्या वेळी गावाहून परत आल्यावर त्यांनीच ती फिरवली होती, आल्यागेल्याला बसल्या जागेवरून 'या' म्हणता यावं म्हणून. काकू मला तिच्यावर बैस म्हणाल्या. मी खाली सतरंजीवर बसलो. चहा देताना त्या म्हणाल्या, "एकदा मी यांना म्हटलं होतं, त्या दिवशी सुधाकरने तरी आपल्याला न्यायचं. तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, अगं, त्याचं गाव फार लांब, तुझ्या पायांना झेपलं नसतं." माझ्याकडे बघून विचारलं, "खरंच का रे इतकं लांब?"

मी "हो" म्हणालो. सर गेल्यावरसुद्धा...

काकू, पेपरची ही रविवारची पुरवणी तुम्ही वाचता, म्हणून इथे लिहितो. चार किलोमीटर होतं. सर त्याच मातीतले, त्यांना ते माझ्याइतकंच ठाऊक होतं.