राजीनाम्यावर पेढा

"आप बस होंठ हिलाइए, भाऊ. दिमाग़ हमारा रहेगा."

नव्या साहेबानं सगळ्या स्टुडिओसमोर सुनावलं आणि माझ्या बातमीच्या कागदावर चहाचा कप ठेवला. बातमी एवढीच: मानिक चौकामागच्या गल्लीत नळाला गटाराचं पाणी येतंय, लोक आजारी पडताहेत.

आमचं झाशीचं छोटंसं केबल चॅनल. एका मोठ्या कंपनीनं ते विकत घेतलेलं. त्या गल्लीत पाइप टाकणारी कंपनीही तीच. मला दुसरा कागद मिळाला: 'पानी पूरी तरह शुद्ध है.'

वाचला. झकास वाचला. माझा आवाज पाणीदार आहे म्हणतात. त्या दिवशी पाणी गटाराचं होतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या भाजीवाल्या अम्मानं मला रस्त्यात गाठलं. तिची नात दवाखान्यात. तिनं पिवळ्या पाण्याची बाटली पुढे केली.

"भैया, तुमई ने कई ती, सुद्ध है. तनक पी कें बताओ."

मीच शुद्ध म्हणालो होतो, आता जरा पिऊन दाखवायचं होतं. मी झाकण उघडलं. वास आला. झाकण लावलं. बाटली पिशवीत टाकली. ओठसुद्धा हलले नाहीत.

तसाच ऑफिसात गेलो. कोऱ्या कागदावर ठसठशीत लिहिलं: 'राजीनामा.' खाली, 'आज से.' सही. आमच्या मराठी घरात राजीनामा म्हणजे नोकरीला लाथ. जन्म झाशीत गेला, तरी रागाच्या भरात विसरलो की हिंदीत राज़ीनामा म्हणजे समझोता!

साहेबानं वाचून मला मिठीच मारली. "वाह भाऊ! आख़िर राज़ी हो ही गए! अरे, पेड़े मँगाओ!"

टाळ्या पडल्या. आयुष्यातलं एकुलतं एक बंड, त्यावर पेढा. आणि मी गाढव, तो खाल्लासुद्धा.

पेढा घशात अडकला. पाण्यासाठी पिशवीत हात घातला. हाती तीच बाटली.

ती टेबलावर ठेवली. "शुद्ध है, साहब. पीजिए."

साहेब हसला. मग हसायचा थांबला. "हटाओ ये गंदगी."

"यही तो ख़बर थी."

कागद ओढला. 'राजीनामा' खोडलं, 'इस्तीफ़ा' लिहिलं. या वेळी कुणी पेढा दिला नाही.

संध्याकाळी दुसऱ्याच कुणीतरी वाचलं, पाणी शुद्ध आहे. माझ्यापेक्षा चांगलं वाचलं. नळ तसाच. अम्माची नात अजून दवाखान्यात. मी घरी बसलेला.

बाटली खिडकीत ठेवलीय, डोळ्यांसमोर. जे मला पिववत नाही, ते मी लोकांना वाचून दाखवणार नाही.