पारूआत्याचा राब आणि दामूकाकाची पाणबुडी

माझ्या दामूकाकाने नौदलाच्या पाणबुडीत एकोणीस वर्षं इंजिन सांभाळलं. पाण्याखाली गेल्यावर दुसऱ्याने नुसतं "झडप बंद" म्हटलं की उठून बघायला जायचं नाही, मानायचं, हे त्याच्या हाडात भिनलेलं. आमच्या गावी, पोशीरला, परत आला तरी गडी तसाच. दुकानदाराचा तराजूसुद्धा कधी बघायचा नाही.

तीच पाणबुडी निवृत्त झाली आणि आमच्या नदीकाठी तिचं संग्रहालय करायचं ठरलं. काम बघायला आले कोण, तर काकाचे बोटीवरचे साहेब! काका आठवडाभर जमिनीवर नव्हता.

ट्रेलर जायला वाट हवी होती, आणि मधे पारूआत्याचा राब. पारूआत्या म्हणजे काकाची थोरली बहीण, एकटी बाई. त्या चिंचोळ्या तुकड्यात पालापाचोळा नि शेण भाजून ती भाताची रोपं करायची. रोपं नाहीत तर लावणी नाही.

साहेब म्हणाले, "दामू, वाटेपुरता भराव टाकू, पावसाआधी काढून देतो. माझा शब्द."

"काका, लिहून घे," मी म्हटलं.

काका भडकला. "बोटीत कागद मागत बसलो असतो तर कवाच बुडालो असतो!"

आत्याने एवढंच विचारलं, "तू सांगतोस ना रं दामू? मग येऊ दे."

पाणबुडी तुकड्या-तुकड्यांनी आली. अख्खं गाव लोटलं. खोटं कशाला बोलू, टाळ्या मीही वाजवल्या. काका त्या काळ्या पत्र्यावर हात ठेवून रडला.

वैशाखात आत्या पाल्याची पाटी घेऊन गेली, तर तिच्या राबावर मुरूम दाबून गाड्या लावायचे पांढरे पट्टे मारलेले. काका धावतच साहेबांकडे गेला. मीही मागे होते. साहेबांनी मोबाईलमधून मान वर केली नाही.

"ते वरून ठरलं. लेखी काही आहे का तुझ्याकडे?"

मला आजही त्या माणसाची चीड येते. वर काकाला संग्रहालयाची निळी टोपी दिली, पाहुण्यांना पाणबुडी फिरवून दाखवायचं काम दिलं. काकाने मुकाट्याने घेतलं, याचीही येते.

उद्घाटनाला साहेब बोटीच्या पोटात उभे राहून पाहुण्यांना सांगत होते, "इथे आम्ही एकमेकांच्या शब्दावर जगलो. विचारा आमच्या दामूला."

सगळे वळले. काकाने टोपी काढली, इंजिनावर ठेवली आणि तडक आत्याचं घर गाठलं.

ती ओट्यावर रिकामी पाटी सारवत होती.

"ताई, साहेबानं फसवलं गं मला."

आत्याने हात थांबवला नाही. "मी सायबाला कुटं ओळखत व्हते, दामू? मी तुला ओळखत व्हते."