चारशे एकावी गोणी

सुतळीमावशीचं खरं नाव आमच्या गोदामात फक्त पगाराच्या कागदालाच ठाऊक. खांद्याला सुतळीच्या गुंड्याची पिशवी आणि अंबाड्यात खोचलेलं दाभण, म्हणून आम्हा ड्रायव्हर लोकांची ती सुतळीमावशी. एकदा मी म्हणालो, "मावशी, झोपताना तरी काढता का ते?" तर म्हणाली, "तू बडबड थांबवलीस की काढीन."

लढाईमुळे घरदार सोडून आलेली माणसं सीमेपलीकडच्या छावणीत राहतात. त्यांना आमच्या संस्थेचा गहू जातो. गाडी भरून द्यायचं काम मावशीचं, पोचवायचं माझं. सतरा वर्षं तिने पोत्यांच्या कारखान्यात तोंडं शिवली होती. गोणी कशी ठेवावी यावर तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी तरीही घालायचो आणि दर वेळी तोंडघशी पडायचो.

फेरी झाली की तिचा फोन ठरलेला. गाडी कशी, रस्ता कसा, काही नाही. एकच प्रश्न. "शेवटच्याला पुरलं का रे?"

"पुरलं की, मावशी."

सहा वर्षं हेच चाललं होतं.

त्या दिवशी सीमेवरच्या नाक्यावर नवे साहेब होते. जुने साहेब शिक्का मारून हात हलवायचे. यांनी ताडपत्री सोडायला लावली आणि हमालांकडून एकेक गोणी खाली उतरवून मोजली. छावणीत कुटुंबं चारशे, कुटुंबामागे एक गोणी, म्हणून कागदावर चारशे. खाली निघाल्या चारशे एक.

"ही जादाची कुणाची?" साहेबांनी विचारलं. मी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला.

"मला सगळं माहिती आहे, गव्हाच्या आडून काय काय पलीकडे जातं ते. गाडी परत न्या."

परवाना त्याच दिवशी चार वाजेपर्यंतचा होता. पुढचा कधी मिळेल ते कुणीच सांगत नव्हतं. मागची गाडी रद्द झाल्यामुळे छावणीतले लोक आठ दिवस अर्धपोटी होते. घड्याळात एक वाजला होता. मी मावशीला फोन लावला आणि मनसोक्त तोंडसुख घेतलं.

ती शांतपणे म्हणाली, "मीच घातली ती. दर फेरीला घालते."

"दर फेरीला? आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू काढून ठेवली असतीस."

तेही खरंच होतं.

"साहेबांना म्हणावं, मी निघाले. आणि गोण्या परत चढवू नकोस."

सव्वादोनला ती गोदामाच्या रखवालदाराच्या मोटारसायकलवरून उतरली. भुवयांपर्यंत धूळ, हातात हुकाचा वजनकाटा. तिने साहेबांना नमस्कार केला आणि सरळ गोण्यांच्या रांगेतून चालत सुटली. हात लावून लावून तिने सात गोण्या बाजूला काढल्या. कुणाचा कोपरा उसवलेला, कुणाला हमालाच्या आकड्याने भोक पडलेलं. काट्याला लावल्यावर एक भरली वीस किलो, एक एकवीस, एक बावीस.

"कागदावर गोणीमागे पंचवीस किलो लिहिलंय ना, साहेब? मग ह्या अशाच पाठवल्या तर तुमचा कागद खोटा पडतो."

"आणि ही जादाची?"

"ती ह्यांची भर आहे. तुमच्यासमोरच घालते. बघा, चारशेच राहतात."

तिने त्या गोणीचं तोंड उसवलं. ओंजळीने गहू घालायचा, काटा बघायचा, दाभणाने टाके घालायचे. म्हणता म्हणता सातही गोण्या पंचवीसवर आल्या. तळाशी मूठभर दाणे उरले, ते तिने फाटकापाशी चिमण्यांना टाकले आणि रिकामी गोणी घडी करून पिशवीत ठेवली.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही. नऊ वर्षांची होते, तेव्हा आम्हीही अशाच छावणीत होतो. रांगेत शेवटचे. फाटक्या गोण्या बाजूला ठेवतात ना, त्या शेवटी वाटतात. आमच्या वाट्याला अर्धी आली. आई पंधरा दिवस म्हणत होती, मला भूकच नाही." तिने दाभण पुसून अंबाड्यात खोचलं. "मला ते खरं वाटलं होतं."

साहेबांनी कागद ओढून घेतला, शिक्का मारला आणि नेहमीच्याच सुरात म्हणाले, "पुढच्या वेळी शेऱ्याच्या रकान्यात लिहा. एक गोणी, फाटाफुटीसाठी."

"लिहिते की," मावशी म्हणाली आणि गोण्या चढवून घ्यायला हमालांच्या मागे लागली. चारला दहा मिनिटं कमी असताना मी फाटक ओलांडलं.

छावणीत एरवी मी गाडी रिकामी करून केबिनमध्ये पाय पसरायचो. त्या दिवशी रांग संपेपर्यंत उभा राहिलो. शेवटी एक बाई होती, तिच्या कडेवर मूल. तिला मिळालेल्या गोणीच्या कोपऱ्यावर मावशीचे टाके होते. बाईने गोणी उचलून बघितली, जड लागली, तेव्हा मुलाला खाली ठेवून दोन्ही हातांनी उचलली.

फोन वाजला. "शेवटच्याला पुरलं का रे?"

सहा वर्षं मी न बघताच उत्तर देत होतो. आज बघून दिलं.

"पुरलं, मावशी."