चष्मा पुसणारा माणूस

गर्जे सरांना ज्यांनी पाथर्डीत उमेदीच्या काळात पाहिलंय, त्यांना आज कारखान्याच्या गेस्ट हाउसवर आणून चेअरमनच्या शेजारी बसलेले सर दाखवले, तर ते मान हलवतील. म्हणतील, छे हो, हा तो माणूस नव्हे. पण तोच आहे. केस पिकले, शर्टाला इस्त्री आली, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र आलं, एवढाच काय तो फरक. बाकी आतून काय झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक, आणि थोडंफार आपल्याला.

गोरक्षनाथ गर्जे हे पाथर्डी तालुक्याचे वार्ताहर. त्या काळी वार्ताहर म्हणजे काय, हे आता सांगूनही पटत नाही. दुपारपर्यंत तालुकाभर सायकल हाणायची, मग हॉटेलातल्या बाकड्यावर बसून बातम्या लिहायच्या, पाकिटात घालायच्या आणि ते पाकीट नगरच्या एस.टी.त कंडक्टरच्या हातात द्यायचं. तिकडे स्टँडवर पेपरचा शिपाई उभा असायचा, तो उतरवून घ्यायचा. गाडी हुकली की बातमी हुकली. गर्जे सर हलत्या गाडीमागं पळत जाऊन खिडकीतून पाकीट आत टाकायचे, आणि कंडक्टरलाही इतकी सवय झाली होती की तो हात बाहेर काढूनच बसायचा.

एवढं करून नाव छापून यायचं का? अजिबात नाही. बातमीच्या डोक्यावर ‘पाथर्डी, वार्ताहर’ एवढंच. नाव यायचं ते पुण्या-मुंबईच्या लोकांचं. सरांची बायको ज्योतीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा रोज सकाळी पेपर पालथा घालायच्या आणि विचारायच्या, अहो, यात तुमचं नाव कुठंय? सर बोट ठेवून सांगायचे, हा बघ, वार्ताहर म्हणजे मीच. बाईंना ते कधी पटलं नाही. नवरा एवढा राबतो आणि पेपरवाले त्याचं नाव खातात, असा त्यांचा राग होता, आणि खरं सांगायचं तर सरांनाही आतून ते लागायचं.

पण माणूस ताठ होता. एका दुष्काळात चारा छावणीवर कागदावर जेवढी जनावरं होती तेवढी दावणीला नव्हती. सरांनी तसं छापलं. छावणीवाला पुढारी घरी आला, चहा प्यायला, गोड बोलला, मग आवाज चढवून बोलला. सरांनी त्याला दारापर्यंत सोडलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच छावणीची आणखी एक बातमी दिली. पुढं वरिष्ठांनी त्यांना नगरच्या कचेरीत उपसंपादक म्हणून नेलं. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, तोंडात अजून नगरच आहे. तिथंच एका संस्थेच्या पत्रकारितेच्या वर्गावर ते संध्याकाळचे शिकवायला लागले.

शिकवणं मात्र त्यांना फार छान साधलं. पुस्तक वगैरे काही नाही. पोरांना म्हणायचे, आधी ‘कुठं’ विचारा. माणूस कुठं मेला हे कळलं की का मेला ते निम्मं कळतं. प्रश्न एकदाच विचारा आणि गप्प बसा. समोरच्याला गप्प बसणं सोसत नाही, तो आपणहून बोलतो. दोन्ही बाजू घ्या. बोलणाऱ्याचं नाव लिहा, सूत्रांच्या मागं लपू नका. आणि जे डोळ्यांनी पाहिलं ते कितीही फालतू वाटलं तरी लिहा.

एकदा रंगात आले आणि त्यांनी पत्रकार परिषदांची गंमत सांगितली. म्हणाले, पुढाऱ्याच्या शेजारी एक माणूस बसलेला असतो. अडचणीचा प्रश्न आला की तो चष्मा काढून पुसायला लागतो. ती दाराशी उभ्या असलेल्या कॅन्टीनवाल्याला खूण असते. लगेच भजी-जिलेबीच्या प्लेटा आत येतात, सगळे उठतात, आणि परिषद संपते. तेव्हा भजी कधी आली यावर लक्ष ठेवा, उत्तर त्याच जागी दडलेलं असतं. वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरची सुकन्या हसली नाही, तिनं ते ध्यानात ठेवलं. ही पाथर्डीकडच्या ऊसतोड कामगारांची मुलगी. आई-बाप दिवाळीनंतर टोळीबरोबर बाहेर पडायचे आणि ही आजीपाशी राहून शिकलेली. सरांचा तिच्यावर फार जीव. ही पोरगी आपलं नाव काढणार, असं ते घरी जेवताना सांगायचे.

मग कोरोना आला आणि पेपरची नगर आवृत्ती बंद झाली. इतक्या वर्षांच्या नोकरीचा निकाल एका फोनवर लागला. सर वर्षभर घरात बसले. बाहेर जो तो हातात माईक घेऊन पत्रकार झाला होता आणि ह्यांना विचारायला कुणी नव्हतं. अशा वेळी बागायती पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याच्या चेअरमनचा निरोप आला. आमच्या संचालकांना पत्रकारांशी बोलता येत नाही, भलतंसलतं बोलून बसतात, तुम्ही त्यांना शिकवा.

सर गेले. त्यांनी स्वतःची समजूत घातली की शिकवणं ते शिकवणं, त्यात पाप कसलं? आधी विचारायला शिकवत होतो, आता उत्तर द्यायला शिकवतो. संचालकांना त्यांनी पहिलाच धडा दिला, की काही सुचलं नाही तर म्हणायचं, चौकशी सुरू आहे. हे वाक्य संचालकांना इतकं आवडलं की पुढं ते घरी बायकोलाही तेच सांगू लागले म्हणे. चेअरमन खूश झाले. सरांना जनसंपर्क अधिकारी केलं, कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर दिलं, आणि मुलाला, ओंकारला, कारखान्याच्याच कॉलेजात क्लार्क म्हणून तात्पुरतं लावून घेतलं. तात्पुरतं हा शब्द तेवढा लक्षात ठेवा. आता घर चेअरमनचं, नोकरी त्यांची, पोराची भाकरी त्यांची. सरांना पायात काही अडकलंय हे कळायला उशीर झाला, आणि कळलं तेव्हा गाठ पक्की बसली होती.

यंदाच्या हंगामाच्या शेवटी अंगद मेला. पाथर्डी तालुक्यातला तोडणीवाला. ऊस खाली करायच्या गव्हाणीपाशी ट्रॅक्टरची ट्रॉली मागं येताना तो चाकाखाली सापडला. सर नेहमीप्रमाणे सकाळी कचेरीत निघाले होते, तेव्हा आवारात त्या जागेवर पाइपनं पाणी मारणं चाललं होतं. त्यांनी थांबून पाहिलं. कचेरीत येऊन पेपरांसाठी पत्रक लिहायला घेतलं आणि सवयीनं आधी ‘कुठं’ लिहिलं, ‘कारखान्याच्या आवारात’. तासाभरात वरून निरोप आला, ते ‘गेटबाहेर रस्त्यावर’ असं करा. आवारात मेला तर भरपाई कारखान्यावर येते. रस्त्यावर मेला तर ड्रायव्हर जाणे आणि त्याचं नशीब जाणे. सरांनी बदल केला. आणि पत्रक पेपरांना धाडून दिलं.

चार दिवसांनी अंगदची बायको भीमाबाई कचेरीच्या दारात येऊन बसली. तिला कुणीतरी सांगितलं होतं, आत पेपरवाले सर आहेत, आपल्या पाथर्डीचे. तिनं रडारड केली नाही. एवढंच म्हणाली,

“सर, माजा मानूस आत मेला, मी हुते ना तितं. तुमी आपल्याकडलं हाय. तुमी पेपरात लिव्हा, आत मेला म्हनून. बाकी मला काय नगं.”

सर म्हणाले, बघतो. ती त्या ‘बघतो’वर विश्वास ठेवून गेली. तिला कसं कळावं, की हा माणूस आता पेपरात लिहीत नाही, पेपरात काय येऊ नये हे बघतो. त्या दिवशी सरांना जेवण गेलं नाही. ज्योतीबाईंनी विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय.

हंगामाच्या सांगतेची पत्रकार परिषद गेस्ट हाउसवर होती. आत जाण्याआधी चेअरमननी सरांच्या खांद्यावर हात टाकला आणि अगदी मायेनं म्हणाले, सर, ओंकारला कायम करायची फाईल माझ्या टेबलावर आलीय, संध्याकाळी सही करतो, आजचं एवढं नीट पार पडू द्या. धमकी नाही, काही नाही. अशा वेळी धमकी परवडली, निदान माणूस चिडू तरी शकतो.

परिषद सुरू झाली. गाळप किती, साखरेचा उतारा किती, पुढच्या वर्षी काय, सगळं सुरळीत चाललं. नेहमीचे पत्रकार नेहमीचे प्रश्न विचारत होते आणि दाराकडं बघत होते. दाराशी कॅन्टीनचा सहादेव उभा होता आणि त्याचे डोळे सरांच्या चष्म्यावर होते. होय, त्याच. कधीतरी दुसऱ्याची सांगितलेली गंमत सरांनी इथं स्वतः अमलात आणली होती. कधी सुरू केली ते त्यांनाही आठवत नव्हतं. वर्गात आपण ती सांगितली होती, हे तर ते साफ विसरले होते.

तेवढ्यात मागच्या रांगेतून सुकन्या उभी राहिली. ती आता नगरच्या एका दैनिकात होती. तिनं चेअरमनना विचारलं, अंगदचा अपघात आवारात झाला की गेटबाहेर? चेअरमन म्हणाले, चौकशी सुरू आहे. ती काही बोलली नाही. बसलीही नाही. नुसती उभी राहिली. चेअरमन पाणी प्यायले. मग म्हणाले, म्हणजे, चौकशी सुरू आहे. ती तरी गप्पच. चेअरमनच्या मानेवर घाम आला. आता हे काहीतरी बोलणार, हे गर्जे सरांना स्पष्ट दिसलं. त्यांच्यातला जुना वार्ताहर टाचा उंचावून उभा राहिला. बोला, बोला, असं तो आतून म्हणत होता. घटकाभर त्यांना खरंच वाटलं, आपण काही करायचंच नाही, नुसतं बसून राहायचं.

चेअरमननी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. सरांना ओंकार दिसला, सकाळी नवा शर्ट घालून निघालेला. त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला लागले.

प्लेटा आल्या. खुर्च्या सरकल्या, वाफाळती भजी आणि जिलेबी फिरली, सगळे उठले. सुकन्यानं प्लेट घेतली नाही. ती सरांच्या हातातल्या चष्म्याकडं बघत होती. सरांना तेव्हा तो वर्ग आठवला, तो हशा आठवला, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्यांना वाटलं. चष्मा कधीचा स्वच्छ झाला होता, तरी ते पुसतच राहिले.

संध्याकाळी ओंकार ऑर्डर घेऊन आला. ज्योतीबाईंनी ती देवापुढं ठेवली, पेढे आणले, शेजारी वाटले. कायम हा शब्द त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. तेवढ्यात सरांचा फोन वाजला.

“सर, सुकन्या बोलतेय. बातमी करतेय, तुमची बाजू घ्यायचीय. तुम्हाला जनसंपर्क अधिकारी म्हणून विचारते. अंगद आवारात मेला की गेटबाहेर?”

एवढं विचारून ती गप्प बसली. सरांनी फोन कानाला धरून ती शांतता ऐकली. त्यांचीच होती ती, त्यांनीच शिकवलेली. समोर ओंकार हातात पेढा घेऊन उभा होता, वडिलांचा फोन संपला की भरवायला. आवारात, एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तो सरांच्या जिभेवर आला, अगदी दातांपर्यंत आला. पोरगी वाट बघत होती. तिला खात्री होती की सर बोलतील.

“चौकशी सुरू आहे,” सर म्हणाले.

पलीकडं तिनं ते तीन शब्द मोठ्यानं म्हणत लिहून घेतले. मग ती हळूच म्हणाली, “बरं सर. तुमच्या नावानं टाकते.”

सकाळी ज्योतीबाईंनी जुन्या सवयीनं पेपर उघडला आणि एकदम सरांना हाक मारली. पहिल्या पानावर, चौकटीत, नाव होतं. गोरक्षनाथ गर्जे. वार्ताहर नाही, सूत्रं नाहीत, पूर्ण नाव. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी आधी नावच दोनदा मोठ्यानं वाचलं. म्हणाल्या, आलं बाई एकदाचं, आता हे कापून ठेवते. मग त्या खालचं वाचायला लागल्या. भीमाबाई म्हणते, नवरा आवारात मेला, मी तिथं होते. चेअरमनना विचारलं, त्यांनी उत्तर दिलं नाही. जनसंपर्क अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला, त्यानंतर नाश्ता देण्यात आला. गोरक्षनाथ गर्जे म्हणाले, चौकशी सुरू आहे. बस, एवढंच. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. सरांनी शिकवलं होतं अगदी तसं.

बाई वाचता वाचता हळू झाल्या. पेपर मांडीवर ठेवून त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं.

“अहो, मग तो मेला कुठं?”

सरांनी तोंड उघडलं. कारखान्याचा सकाळच्या पाळीचा भोंगा वाजला, ओंकार डबा घेऊन बाहेर पडला, दार लागलं. बाई वाट बघत होत्या. सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. बाईंनी थोडा वेळ ते पाहिलं. मग, चहा ठेवते, असं म्हणून त्या उठून आत गेल्या.