मास्तरांची खिरापत

आमच्या मुलींच्या शाळेत गायन शिकवणारे मास्तर पुण्याकडून नागपूरला आलेले. मी तिथे शिवण शिकवत असे आणि शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे गाणे शिके. चाळिशीत गळा वळत नाही, हे लवकरच दोघांच्याही ध्यानात आले. माझ्या व्यवस्थितपणाचा मात्र उपयोग झाला. मास्तर बायकांच्या गाण्यांच्या जुन्या चाली गोळा करत आणि हाताला येईल त्या कागदावर लिहीत. ते कागद लावून ठेवण्याचे काम मी आपणहून घेतले.

एका वर्षी भुलाबाईच्या महिन्यात त्यांना कळले, की इतवारीत भांड्यांच्या दुकानांमागे राहणाऱ्या एका आजींना भुलाबाईच्या निरोपाच्या गाण्याची जुनी चाल येते. तिथल्या मुली तेच गाणे नाटकातल्या ठेक्यावर म्हणत. आजींच्या संथ चालीला त्या हसल्या, म्हणून आजींनी ते गाणेच सोडून दिले होते. कोजागिरीनंतर त्या लेकीकडे वऱ्हाडात कायमच्या जाणार होत्या. त्यांच्याबरोबर चालही जाणार, म्हणून मास्तरांना चैन पडेना.

आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो. आजी सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "बसल्या बसल्या काहून म्हनू? कोजागिरीले या, डबा आना. पोरींनी खिरापत नाही ओळखली, तर मी म्हनीन. ओळखली, तर तुम्ही म्हना."

गाणी संपली की झाकलेला डबा हलवून दाखवायचा आणि आत काय आहे ते मुलींनी ओळखायचे, ही भुलाबाईची रीत. पुण्याकडच्या भोंडल्यातही खिरापत ओळखतात, पण डबा हलवून ओळखणे मास्तरांनी कधी पाहिले नव्हते. नुसत्या आवाजावरून मुली कशा ओळखतात, या प्रश्नाने त्यांना पछाडले. रोज मधल्या सुट्टीत मला पाठमोरी बसवून ते डबे हलवत. फुटाणे, बत्तासे, लाडू. माझे बहुतेक बरोबर येई.

"बत्ताशांचं समजलं. पण लाडू बेसनाचा, हे कशावरून?"

"वासावरून," मी म्हटले. ते त्यांनी मनावर घेतले नाही.

शेवटी खोबऱ्याच्या वड्या मुरमुऱ्यांत पुरायच्या, असे ठरले. ऐकू येतील ते मुरमुरे. वड्या मी करते म्हटले, तर तेही नको. सारे त्यांनी स्वतःच केले.

कोजागिरीला दिवेलागणीला आम्ही पोचलो. गाणी झाली. मास्तरांनी डबा कानाशी धरून मोठ्या तोऱ्यात हलवला. मुली "मुरमुरे, मुरमुरे" म्हणाल्या आणि मास्तर खुलले. एवढ्यात एक म्हणाली, "मुरमुऱ्यात खोबऱ्याच्या वड्या हायेत."

"कुठला आवाज ऐकलास?"

"आवाज नाही जी. तुमच्या धोतरावर कीस सांडला हाये."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आजी म्हणाल्या, "म्हना आता, मास्तर."

त्यांनी तेच निरोपाचे गाणे धरले, मुलींच्या ठेक्यावर. गळा तयारीचा, त्यामुळे ते आणखीच धावत सुटले. आजी एक ओळ ऐकत बसल्या, दुसरीला चुळबुळल्या, तिसरीला त्यांनी हात वर केला.

"थांबा गा. तुम्ही त्याले पळवून राहिले. माहेरून निघालेली बाई अशी जाते का?"

आणि त्या म्हणू लागल्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या एका सुरावर रेंगाळत, आणि तो सूर दर खेपेला मागच्यापेक्षा किंचित उतरलेला असे. या वेळी कोणी हसले नाही. मास्तरांनी कागद काढला नाही, गाणे संपल्यावर फक्त म्हणाले, "आजी, आणखी एकदा?"

"घ्या," म्हणत आजींनी पुन्हा सुरुवात केली.

परतताना टांग्यात मी विचारले, "गाणं मुद्दाम पळवलंत ना?"

"डबा मला जिंकायचाच होता," ते म्हणाले. "आता पहिली ओळ तुम्ही म्हणा, दुसरी मी. घरी जाऊन लिहीपर्यंत चाल सुटता कामा नये."

सीताबर्डी येईपर्यंत आम्ही आळीपाळीने ती चाल म्हणत राहिलो. टांगेवाल्याने एकदा मागे वळून पाहिले आणि घोड्याला सावकाश घेतले.