सावडीतला आमचा दिवस

लूपच्या पोटात लूप कसा फिरतो, हे सरांनी शहापूरच्या कम्प्युटर क्लासमध्ये शिकवलं. समजलं मात्र सावडीमुळे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. बारावी होऊन मी घरी बसलेला. आमची वाडी शहापूर-मुरबाड रस्त्यापासून आत. एसटीतून उतरलं की पुढे चालायचं. बाबा म्हणाले, कम्प्युटर शिक, वाशिंदच्या एखाद्या कारखान्यात तरी चिकटशील. म्हणून भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर जाऊ लागलो. वीज असली की शिकायचं आणि गेली की वहीने वारा घ्यायचा, असा तो क्लास.

"लूप म्हणजे तेच काम फिरून फिरून करणं. बाहेरचा लूप एक पाऊल टाकतो, तेवढ्यात आतला पूर्ण फेरी मारून येतो," सर म्हणायचे. समजलं का विचारलं की सगळे माना डोलवायचे. मीही डोलवायचो. पालथ्या घड्यावर पाणी. मग कीबोर्डवरच्या चांदणीच्या खुणेचा, ओळीखाली ओळ, चौकोन छापायला सांगायचे. मला त्या चांदण्यांचाच राग यायचा. छापून करायच्या काय?

एकदा घरी येताना बांधावर राबासाठी, म्हणजे भाताचं रोप करायची जागा भाजायला, पसरलेला पाला दिसला आणि डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे आवणी, म्हणजे भाताची लावणी, सावडीने व्हायची. पाच घरांची सावड. आज एकाच्या खाचरात प्रत्येक घरचं माणूस जाणार, उद्या दुसऱ्याच्या खाचरात पुन्हा सगळी घरं. खाचर हा बाहेरचा लूप, घरं हा आतला. हे तर मी लहानपणापासून बघत होतो!

दुसऱ्या दिवशी चांदण्या सोडून मी सावड लिहायला घेतली. पहिल्याच झटक्याला घोळ झाला. दोन्ही लूपना मोजणीसाठी मी एकच अक्षर दिलं. आतल्या लूपने घरं मोजता मोजता बाहेरच्याचाही आकडा संपवून टाकला आणि पहिल्या घराचं खाचर लावून प्रोग्राम थांबला. बाकीच्यांची पडीक. सर म्हणाले, "दोघांना वेगवेगळी नावं द्यायची रे." दिली. मग सगळ्यांची खाचरं लागली.

पण एक गोष्ट राहिली होती. ज्याचा दिवस असेल, त्या घरची बाई चिखलात उतरत नाही. ती सगळ्यांसाठी रांधते. मग मी अट घातली: खाचर आणि घर एकाच आकड्याचं असेल, तर 'लावणी'ऐवजी 'रांधणं' छाप. प्रिंटरने करकरत कागद बाहेर काढला. तो मी घरी नेऊन आईला वाचून दाखवला, लढाई जिंकल्याच्या थाटात.

आई वाल सोलत होती. आमच्या दिवसाच्या ओळीवर तिने मला थांबवलं.

"लग्न होऊन आले तवापासून आपल्या दिवशी मी चुलीपाशीच," ती म्हणाली. "सगल्यांच्या खाचरात लावलं रे मी. आपल्याच खाचरात एक मूठ लावली नाय."

तक्रार नव्हती ती. पण हातातला वाल तसाच राहिला होता. मला बहीण नाही, आमच्या दिवशी आईच्या जागी चुलीपाशी बसणारं कोणी नव्हतं. मी फटकन म्हणालो, "या वर्षी मी रांधतो. तू उतर."

"वाडी हसंल."

"हसू दे."

ती स्वतःच इतकी हसली की वाल सांडले. संध्याकाळी विहिरीवर बातमी फुटली. शेजारची काकी मला रोज विचारू लागली, "काय रे, भात पेजेवानी करशील का नीट शिजवशील?" मी मात्र हट्टाला पेटलो. वैशाखभर आईने मला वालाची आमटी शिकवली. पहिल्यांदा ती करपली, दुसऱ्यांदा खारट झाली. "नाचता येईना अंगण वाकडं," चुलीला दोष दिला की आई म्हणायची. क्लासमध्ये मी प्रोग्राममधली ती अट बदलली: आमच्या दिवशी आई लावणीला. तिने तो नवा कागद देव्हाऱ्यामागे खोचून ठेवला.

राबात रोप वर आलं आणि आईचे डोळे पिवळे झाले. आधी झाडपाल्याचं औषध झालं, मग शहापूरचा दवाखाना, मग ठाण्याचा. खाटेवरूनही ती मला मोठ्या पातेल्याच्या मिठाचा अंदाज सांगत होती आणि विचारत होती, "आवान उपटाय झालं का रे?" आवान म्हणजे रोप, ते उपटायला आलं होतं. मी तिला ते सांगितलं. ती खुश झाली. ती घरी परत आली नाही.

आमचा दिवस सुतकातच आला. बाबा म्हणाले, आपलं राहू दे या वर्षी. सुतकातल्या घरचं कोणी जेवत नाही, मग सावडीला कोणत्या तोंडाने बोलवायचं? पण सकाळी चारही घरच्या बायका खाचराच्या बांधावर उभ्या होत्या, प्रत्येकीच्या कमरेला भाकरीचं फडकं बांधलेलं. बाबा नांगर घेऊन चिखल करायला उतरले.

बायकांनी ओळ धरली. मधे एक माणूस मावेल एवढी जागा त्यांनी सोडली होती. मला वाटलं, चुकून राहिली. काकीने रोपाची मूठ माझ्याकडे टाकली.

"ही तुझ्या आयची पात. लाव."

मी उतरलो. मला लावता येत नव्हतं. आजवर मी फक्त मुठी पोचवल्या होत्या. माझी ओळ वाकडी जात होती, रोपं तरंगत होती. एकीने हात पुढे केला, तर काकी म्हणाली, "राहू दे त्याची तशीच." मी रडत होतो, आणि नाक पुसायला हात चिखलाचे होते.

दुपारी बायका बांधावर बसल्या. आमच्या दिवशी सगळ्यांना वाढायचं आमच्या घराने, पण काकीने तिच्या फडक्यातली भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली.

पुढे नोकरी लागली, मी कल्याणला राहायला आलो. लूपच्या पोटात लूप रोजच लिहितो, आता हात आपोआप चालतो. वालाची आमटीही चांगली करतो. जिच्या वाट्याचं रांधता यावं म्हणून ती आमटी शिकलो, त्या आईला मात्र आमच्या खाचरातून चिखलाच्या पायांनी जेवायला येताना बघायचं राहून गेलं.