परवानगीसाठी पाठवलेला मूकपट

परदेशी लोकांच्या जागी सौदी नागरिक नेमायचे, त्या सौदीकरणाची यादी सौदी अरेबियातल्या यान्बूच्या आमच्या कारखान्यात पोहोचली, तेव्हा तिच्यात करार विभागातले माझे पद होते आणि देखभाल विभागातल्या एका वृद्ध इटालियन अभियंत्याचे. त्याला महिनाअखेरीस परतायचे होते. मला मात्र माझ्या जागी नेमलेल्या सौदी अधिकाऱ्याला आधी काम शिकवायचे होते. स्वतःला काढून टाकण्याची पूर्वतयारी कर्मचाऱ्याने स्वतःच करावी, हे कोणत्या कलमात बसते, अशी विचारणा मी तीन पत्रांतून केली. एकाचेही उत्तर आले नाही.

निरोपाची पार्टी नको, असे इटालियनाने सांगितले. जाण्यापूर्वी सर्वांना एक चित्रपट दाखवायचा, एवढीच त्याची इच्छा होती. एका फ्रेंच प्रहसनावरून इटलीत निघालेला तो जुना मूकपट; त्याच्या वडिलांनी गावच्या थिएटरात त्याला पियानोची साथ केली होती. देशात तेव्हा चित्रपटगृहे नव्हती. वसाहतीच्या क्लबात मात्र शुक्रवारी दुपारी डीव्हीडी लावत आणि कोणी काही विचारत नसे.

मी लेखी परवानगीचा आग्रह धरला. कार्यक्रमाची व्यवस्था माझ्याकडे होती; माझ्या नावावर एखादी अनियमितता लागली, तर मला मुदतीआधीच घालवायला व्यवस्थापनाला निमित्त मिळाले असते.

"अहो, श्वास घ्यायलासुद्धा अर्ज कराल तुम्ही," पत्नी म्हणाली. "लावू द्या त्याला. बघू आणि घरी येऊ."

मी ऐकले नाही. इटालियनाने एका संध्याकाळी कॉफी पिता पिता मला सगळे कथानक करून दाखवले. एकदा नवरा होऊन, एकदा बायको होऊन, तर एकदा कपाटात लपलेला पाहुणा होऊन. मी हसत हसत टिपणे घेतली आणि अर्जाला जोडपत्र लावले. त्यातले एक वाक्य मला अजून पाठ आहे: "दोन विवाहित पुरुष एकाच स्त्रीच्या घरी एकमेकांच्या नकळत येतात; तथापि कोणताही अनाचार प्रत्यक्षात घडत नाही, केवळ त्याचा संशय निर्माण होतो."

चौथ्या दिवशी उत्तर आले. परवानगी नाकारली होती, आणि पुढील आदेशापर्यंत क्लबातला पडदा व यंत्र काढून घेतले होते.

सौदी अधिकाऱ्याने ते पत्र माझ्या टेबलावरून उचलून वाचले. तिशीतला, सौम्य माणूस. हिंदीत दोन-चार अरबी शब्द मिसळून बोलत असे.

"उस्ताद, विचारलं कशाला? कुणी विचारलं नसतं, तर कुणाला नाही म्हणावं लागलं नसतं."

"नियम आहे की नाही?"

"आहे. म्हणूनच विचारायचं नसतं."

मी व्यवस्थापनाला दुसरे पत्र लिहिले आणि नकाराचा कायदेशीर आधार मागितला. इटालियन महिनाअखेरीस गेला. निघताना त्याने माझा हात हातात घेतला. चित्रपटाचे नाव त्यानेही काढले नाही आणि मीही नाही. क्षमा मागावी असे मला वाटले होते. परंतु माझी चूक कोणती, हे मला त्या घटकेला मांडता येईना.

पुढच्या शनिवारी सौदी अधिकारी कामावर आला तो प्रसन्न मुद्रेने.

"काल घरी बघितला तो सिनेमा. भाऊ, वहिन्या, सगळे होते. कपाट उघडलं तेव्हा माझे वडील इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं."

"तुझ्याकडे कसा आला?"

"जाताना त्यांनीच दिला. म्हणाले, कुणीतरी बघायला हवा."

"मला का नाही दिला?"

तो जरा अवघडला. "मीही तेच विचारलं, उस्ताद. ते म्हणाले, तो आधी पावती लिहील, मग कस्टमला कळवेल."

तो हे थट्टेने सांगत नव्हता, म्हणून मला रागावता आले नाही. इतक्या वर्षांत माझ्याविषयी कोणी लेखी अहवालातही इतके अचूक काही म्हटले नव्हते, आणि ज्याने म्हटले तो आता इटलीत, प्रत्युत्तराच्या पलीकडे होता. मी खुर्ची पुढे ओढली आणि सौदी अधिकाऱ्याला करारातल्या दंडाच्या तरतुदी समजावून सांगू लागलो.